झिणझिण काढायला अकोल्याहून पुण्याला

बेस गिटार घेऊन पुणं गाठायचं ठरलं ते एका वाक्यामुळे. आमच्या अकोल्यातल्या ऑर्केस्ट्राचे गायक आणि सर्वेसर्वा दिलीपदादा तालीम संपल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “ताई, तुझा बेस झिणझिणतोय. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमापर्यंत हे गेलं नाही, तर बेस आपण कीबोर्डच्या डाव्या हातावर घेऊ.” म्हणजे माझी गरजच उरणार नव्हती. आवाज चढवला नाही की तोंड वाकडं केलं नाही, म्हणून तर मला धडकी भरली. बारा वर्षं मी स्टेजच्या कोपऱ्यात उभी राहून लोकांच्या लग्नांत चार जाड तारा वाजवतेय. पोस्टातली नोकरी पोटासाठी. तो कोपरा तेवढा माझा स्वतःचा आहे. गावातल्या दुरुस्तीवाल्याने दोनदा तारा बदलून पाहिल्या होत्या. तिसऱ्यांदा त्याने नशीब बदला म्हणायचंच काय ते बाकी होतं.

अकोल्याहून पुण्याला स्लीपर बस दहा-अकरा तास घेते. वाद्य नेणाऱ्यांनी ते डिकीत टाकू नये. मी बेस बर्थवर आडवा केला आणि त्याच्या पायथ्याशी अंग चोरून बसले. तिकीट बघायला आलेला बसवाला वऱ्हाडातलाच निघाला.

“याचं बी तिकीट लागते काय?” मी विचारलं.

“नाही वो मॅडम. पण ते झोपून चाललं अन् तुम्ही बसून!”

सकाळी शिवाजीनगरला उतरून पोहे-चहा केला, मामेबहिणीकडे पिशवी टाकली आणि गिटारच्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने माझा बेस दोन मिनिटं वाजवला. “मॅम, ऑनेस्टली सांगू? फ्रेट्स गेलेत. ह्याच्यावर खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या ना.” फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. तिने पाच तारांचा एक बेस माझ्या गळ्यात अडकवला. सगळ्यात जाड तार छेडली आणि तो सूर कानाआधी तळपायांना कळला. मी खरोखर एक पाऊल मागे सरले. (नवा बेस निवडणाऱ्यांनो, उभं राहून वाजवून बघा, बसल्यावर सगळेच हलके वाटतात.) किंमत माझ्या तीन पगारांएवढी होती. मोह अनावर व्हायच्या आत बाहेर पडले, पण डोळे भरून आलेच.

आलोच आहोत तर निदान एक चांगली वायर घ्यावी म्हणून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात शिरले. इथे रिक्षाच्या नादी लागू नका, चालतच जा. तिथल्या एका दुकानदारांनी वायर तपासायला माझा बेस दुकानातल्या ॲम्प्लिफायरला जोडला. मी चार सूर वाजवले तसे ते मान वर न करता म्हणाले, “वायर ठणठणीत आहे. तुमची जवारी बोलतीये.”

“माझी काय?”

“जवारी. तंबोऱ्याची असते ती. शनिवार पेठेत एक तंबोरेवाले अण्णा आहेत, त्यांना दाखवा. जिना अरुंद आहे, गिटार आधी वर जाऊ द्या.”

अण्णांचं वय ऐंशीच्या घरात. खोलीभर भोपळे, लाकडाचा भुसा आणि भिंतीला टेकलेले सात-आठ तंबोरे. त्यांनी बेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय होतंय हिला?”

“झिणझिणते. त्यासाठीच अकोल्याहून आलेय.”

“मग? लोक माझ्याकडे झिणझिण लावून घ्यायला येतात. आपण ती काढायला अकोल्याहून आलात?”

मला हसावं की रडावं कळेना. कीबोर्डचा डावा हात, दिलीपदादा, बारा वर्षं, सगळं भडाभडा सांगून टाकलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एक तंबोरा पुढे ओढला. तार छेडली. आवाज आला, पण कोरडा, ठक्क. मग तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर, तारेखाली, त्यांनी सुताचा एक तुकडा सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एकदम तो सूर उघडला! एकाच तारेतून किती सूर निघत होते, मोजता येईनात. खोली भरली आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

“ह्या दोऱ्याला आम्ही जीव म्हणतो,” अण्णा म्हणाले. “तार कुठं टेकवायची ते आपण ठरवलं की जवारी. तिचं तिनं ठरवलं की खरखर.”

मी इतकी वर्षं वाजवतेय आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीही कोणाला विचारलं नव्हतं.

मग त्यांनी बेस मांडीवर घेतला. फ्रेटला ते सतारीसारखे पडदे म्हणत होते. डोळे मिटून एकेक पडद्यावर बोट ठेवत, कान लाकडाला लावत ते सातव्यापाशी थांबले. “हा उठलाय. सहाव्यावर बोट ठेवलं की तार ह्याच्यावर नाक घासते. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा पडदा ठोकून, चिकटवून, कानशीने घासून तयार होता. अण्णांनी तार छेडली, सूर स्वच्छ. मी वाजवली, पुन्हा झिणझिण!

“पुन्हा वाजवा,” अण्णा म्हणाले. मी वाजवली.

“कुणाशी भांडण आहे का तुमचं?”

“नाही हो.”

“मग तारेला मारता कशाला? ऐकू जाणार नाही अशी भीती वाटते?”

ऑक्टोपॅडच्या दणदणाटात आपण कुणाला ऐकू येत नाही, ही भीती मी कधी घरीसुद्धा बोलून दाखवली नव्हती. ह्या माणसाने ती दोन सुरांत ऐकली. त्यांनी माझं बोट धरून तारेवर ठेवलं, टोक नाही, पेराचा मऊ भाग. “छेडा. आवाज मोठा करायला ते यंत्र आहे ना तुमचं!” तासभर मी एकच तार छेडत बसले. मजुरी इतकी किरकोळ सांगितली की मला संकोच वाटला. पाया पडायला वाकले तर म्हणाले, “जिना उतरताना वाका, डोकं आपटतं.”

अकोल्याला परतल्यावरच्या पहिल्या तालमीत मी ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला आणि बोट मऊ ठेवलं. हात सवयीने मारायला जाई, त्याला दरवेळी आवरावं लागे. तरी सूर एकेक करून खाली पसरत गेले आणि मला स्वतःलाच ऐकत राहावंसं वाटलं. दुसऱ्या कडव्यात दिलीपदादा गाता गाता थांबले. ते कायम माझ्याकडे पाठ करून गातात. पहिल्यांदाच पूर्ण वळले.

“ताई, हे इतकी वर्षं कुठं होतं?”

“इथंच होतं दादा,” मी म्हणाले. “मीच त्याला बडवत होते.”

कीबोर्डचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. दादांनी ते कडवं पहिल्यापासून घेतलं, आणि मला वाटतं, ह्या वेळी ते थोड्या हळू आवाजात गायले.