वाट्याला न आलेल्या शिव्या

फुलांच्या जाळ्या टेम्पोत चढवून झाल्या की बोरओहळातली माणसं साधनाला शिव्या द्यायला यायची, आणि तिच्या थोरल्या जावेला, रंगूबाईला, त्याचाच हेवा वाटायचा. हेवा म्हणजे साधासुधा नाही. हातातलं काम टाकून ती ओट्यावर येऊन बसायची आणि कोण आलं, किती तावातावानं बोललं, हे डोळे लावून पाहायची. दोघींची दारं एकाच अंगणात. साधनाच्या दारापुढं चपलांचा ढीग आणि रंगूबाईच्या दारापुढं तिची स्वतःची एकच जोडी, तीही अंगठा तुटलेली.

आता शिव्यांचा कुणी हेवा करतं का, असं कुणीही विचारील. पण साधनाच्या आधी गावची सरपंच रंगूबाई होती, हे समजलं की मग तसं वाटत नाही. बोरओहळ नाशिकला लागूनच. इंदिरानगरातल्या देवघरांतली शेवंती, लग्नमंडपातला झेंडू, दारावरची तोरणं, यातलं बरंच काही इथल्या मळ्यांतून जातं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा गावानं रंगूबाईचं नाव पुढं केलं. का, तर बाई गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाच वर्षं ती खुर्चीवर बसली आणि गाव म्हणेल ते तिनं केलं. ग्रामसभेत ज्या बाजूला हात जास्त, तिकडं हिची सही. हात सारखे पडले तर म्हसोबाला कौल लावायचा. शेंदरी दगडाच्या दोन्ही अंगांना झेंडूची एकेक कळी ओली करून चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "लोकांचं मन तेच माझं मन," असं ती सांगायची आणि लोक माना डोलवायचे.

तिच्याच काळात एका वर्षी पावसानं दगा दिला. गावाची पिण्याची विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आहे. तलावात पाणी आहे तोवरच विहिरीत पाणी. शिवरात्र उलटली आणि गाव म्हणालं, लग्नसराईचा झेंडू उभा आहे, तलावावरच्या मोटारी चालू राहू द्या. रंगूबाईला ते तेव्हाच पटलं नव्हतं. मळ्यात जाता-येता तलावाचा उघडा पडत चाललेला काठ तिला रोज दिसत होता. पण हात जास्त होते, तिनं सही करून टाकली. वैशाखात विहीर आटली, टँकर आला आणि बायका हंडे घेऊन त्याच्यामागं धावल्या. त्यांत रंगूबाईही होती. आता आपली काही खैर नाही, असं मनात म्हणत ती रांगेत उभी राहिली. पण तिला कुणी एक शब्द बोललं नाही. शेजारची धोंडाबाई तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिचं काय चुकलं? आपुन सांगितलं, तिनं सही केली. गरीब गाय हे ती."

तेव्हा रंगूबाईला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता साधनाच्या दारातला गोंधळ ऐकताना तेच वाक्य आठवून ती मनातल्या मनात जळायची.

कारण यंदा पुन्हा तसंच साल आलं होतं आणि खुर्चीवर साधना होती. मागच्या निवडणुकीत दोघी जावा निवडून आल्या, पण सदस्यांनी सरपंच केलं ते धाकटीला. साधनाचं माहेर दुष्काळी नांदगावकडचं. पाणी जपून वापरायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शिवरात्रीनंतरच्या ग्रामसभेत मोटारींचा विषय निघाला आणि चालू ठेवा म्हणून जवळजवळ सगळ्या गावानं हात वर केले. साधनानं ते नीट पाहून घेतले.

"हात दिसले मला," ती म्हणाली. "पन तळ्यात पानी दिसत नाय. मोटारी बंद."

गावात सगळ्यात मोठा झेंडूचा मळा पुंजाभाऊचा. तो पंचायतीचा सदस्यही होता. तो उठून उभा राहिला. "वहिनी, आम्ही निवडून दिलं तुम्हाला. आमचं ऐकायचं नाय तर मंग कुनाचं ऐकायचं?"

"निवडून दिलं तवा डोकं घरी ठिवून या, आसं नव्हतं सांगितलं भाऊ. म्या चुकले आसंन तर पुढच्या टायमाला पाडा मला. तोवर मोटारी बंद."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः तलावावर उभी राहिली आणि वायरमनकडून एकूण एक मोटारीची वायर सोडवून घेतली. तेव्हापासून तिच्या दारापुढं चपला साचायला लागल्या.

लोक साधनाच्या नावानं बोटं मोडत होते. साधनानं बंद केलं, साधनानं वाटोळं केलं, साधना कुणाला जुमानत नाही. पारावर, फुलबाजारात, टेम्पोत तिचंच नाव. रंगूबाईच्या पाच वर्षांत जे काही झालं ते गावानं केलं होतं. रस्ता गावानं केला, शाळेची भिंत गावानं बांधली, तलाव गावानं उपसला. रंगूबाईनं काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

तिचा नवरा चिमाजी, त्याचाही झेंडू उन्हानं माना टाकत होता. एका सकाळी तोही धाकट्या भावजयीशी भांडायला गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला तो मान हलवत.

"हेकट हे, पन बोलती मुद्द्याचं. तिच्याशी भांडायचं तर तयारी करून जावं लागतं."

"पाच वर्षं म्या सरपंच होते," रंगूबाई म्हणाली. "माझ्याशी कधी भांडला नाय तुम्ही."

"तुझ्याशी काय भांडायचं?" चिमाजी म्हणाला आणि त्यानं चहा मागितला.

रंगूबाईनं चहा दिला, पण त्या दिवसापासून तिचं साधनाशी बोलणं बंद झालं. समोरासमोर आली तरी ती पदर सावरून तोंड फिरवायची. साधना मात्र पूर्वीसारखी "आक्का, जेवल्या का?" विचारायची, त्यानं तर हिची तळपायाची आग मस्तकात जायची.

अशात पुंजाभाऊनं साधनावर अविश्वास ठराव आणला. सदस्य जमवले, पण एक हात कमी पडत होता. तो हात रंगूबाईचा. भर दुपारी पुंजाभाऊ तिच्या ओट्यावर येऊन बसला. कितीतरी महिन्यांनी तिच्या दारात दुसऱ्या कुणाच्या चपला आल्या होत्या.

"आक्का, तुमच्या एका हातावर अडलंय. ती उतरली का खुर्ची तुमचीच. समद्यांचं ठरलंय."

रंगूबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तरीही तिनं विचारलं, "मलाच का रे?"

"तुम्ही ऐकता ना," पुंजाभाऊ मोकळेपणानं म्हणाला. "तुमचा काय त्रास नाय."

तो गेल्यावर ती गजरे ओवायला बसली, पण दोरा सारखा गुंतत होता. खुर्ची हवी होती, फार हवी होती. साधनाचा तोरा उतरलेला पाहायचा होता. पण 'तुमचा काय त्रास नाय' हे मनातून जाईना.

ठरावाच्या सकाळी ती म्हसोबाला गेली. साधनाला काढू का, एवढंच विचारायचं होतं. दोन कळ्या ओल्या केल्या, एक उजवीकडं चिकटवली, एक डावीकडं, आणि हात जोडून उभी राहिली. फार वेळ लागलाच नाही. डावी कळी टपकन खाली पडली.

नकार. देवही साधनाच्याच बाजूचा निघाला, असं म्हणून रंगूबाई चिडली. पुन्हा कौल लावावा म्हणून तिनं उजवी कळी काढायला हात घातला, तर ती निघेना. कळी शेंदरात रुतून बसली होती आणि शेजारी तिच्याच अंगठ्याचा ठसा उमटला होता. डावी तिनं नुसती टेकवली होती. उजवी मात्र पडूच नये इतकी दाबून लावली होती.

ती तिथंच बांधावर बसली. देवाचा कौल नव्हताच हा. मोटारी बंद ठेवणंच बरोबर आहे, हे तिला शिवरात्रीपासून माहीत होतं. त्या टँकरच्या सालीही माहीत होतं. म्हणूनच तर इतका जळफळाट होत होता. जे रंगूबाईला आधी दिसलं होतं ते साधनानं तोंडानं बोलून दाखवलं होतं.

सभेला तालुक्याहून अधिकारी आले होते. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर एकेक हात वर गेला. पुंजाभाऊ रंगूबाईकडं बघून हसला. रंगूबाईनं दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले. साधनाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ठराव पडला.

आता आपल्यावर तुटून पडतील, या तयारीनं ती बाहेर आली. पारावर गलका चालला होता.

"साधनानं जावेला फितवलं."

"एका अंगणातल्या त्या. आतून एकच असतील."

"त्या गरीब बाईला काय कळतं? धाकटीनं पढवलं, तसं केलं."

रंगूबाईला हे सहन होईना. ती सरळ पाराशी गेली. "पुंजाभाऊ, मला कुनी पढवलं नाय. माझं मी ठरवलं. शिव्या घालायच्या तर मला घाल."

पुंजाभाऊनं हात जोडले. "ऱ्हाऊ द्या आक्का. तुमच्यावर राग नाय आमचा." आणि सगळा घोळका साधनाच्या दाराकडं निघाला.

रंगूबाई मागून घरी आली. अंगणात पलीकडं पुन्हा चपलांचा ढीग आणि आरडाओरडा. आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली, तीही साधनाच्या नावावर गेली. तिला रडू कोसळणार होतं, तेवढ्यात चिमाजी घरात शिरला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काय केलंस तू?" तो म्हणाला. "एक पानी भेटलं आसतं तर झेंडू वाचला आसता माझा. वाळवलास तू तो."

"साधनानं पढवलं मला," रंगूबाई त्याच्याकडं रोखून बघत म्हणाली.

"काहीतरी सांगू नको. महिना झाला तू तिचं तोंड बघत नाय, मला काय ठावं नाय? तू केलंस हे. तुझ्या एकटीच्या डोक्यानं केलंस. घरच्या मळ्याचासुद्धा विचार केला नाय."

"चहा ठिवू का?"

"नको तुझा चहा," चिमाजी म्हणाला आणि आणखी बरंच काही बोलायला लागला.

रंगूबाईनं जाऊन अंगणाकडचं दार सताड उघडलं आणि त्याच्यासमोर पाट घेऊन बसली.

"जरा मोठ्यानं बोला की," ती म्हणाली. "तिकडं ऐकू जाऊ द्या."