‘आईस आणून ये’

मोडी वाचण्यात अख्ख्या वडूजमध्ये माझा हात धरणारं कुणी नव्हतं. (एक तात्या होते, ते आदल्याच वर्षी वारले.) मी शाळामास्तर. कुणाकडं मोडीतलं पत्र आलं की मला बोलावणं यायचं, चहा व्हायचा, आणि मी चष्मा पुसून असा काही खाकरायचो की पत्र वाचण्याआधीच घरातल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या!

दुसरी मोठी लढाई संपली त्यानंतरच्या उन्हाळ्यात पत्र आमच्याच घरी आलं, थेट काश्मिरातून.

माझी थोरली बहीण अक्का श्रीनगरला असायची. दाजी विट्याचे. विट्याची माणसं सोनं गाळायला कुठं कुठं जातील याचा नेम नाही, तसे हे डोंगर ओलांडून थेट श्रीनगरात दुकान घालून बसले होते. लग्नानंतर पाच वर्षांत अक्का एकदाही माहेरी आली नव्हती. आता तिला मुलगा झाला होता आणि आईनं एकच धोसरा लावला होता, "नातवाचं त्वांड बघितल्याबिगर मी मरायची न्हाई."

आता मरायची नाही हे चांगलंच. पण जायची कशी? आईला दमा! औंधच्या यमाईचा डोंगर चढताना ती चार ठिकाणी बसायची आणि पाचव्या ठिकाणी देवीलाच म्हणायची, "बये, आता तूच ये की जरा खाली!"

शेवटी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निकाल दिला. "जावयास्नी पत्र घाल. म्हातारीला घाट झेपंल का इचार. त्यांनी आन म्हनलं तर सुट्टीत आठ दिस घिऊन जा. नगं म्हनलं तर पुन्यांदा ह्यो इषय न्हाई."

तेव्हा सगळं त्या उत्तरावर होतं. ते आलं त्या दिवशी आईनं आधी पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि मग ते माझ्या हाती दिलं.

आता मोडीचं एक असतं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. कागदभर रेघ ओढायची आणि अक्षरं ओळीनं तिला टांगायची. कुठला शब्द कुठं संपला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मी ठरवलं. शिवाय दाजींचा ‘ह’ आणि ‘न’ म्हणजे जुळे भाऊ. मी खाकरलो आणि खणखणीत आवाजात वाचलं, "घाटात नवा पातळ. जसजसे वर यावे तसतसे ज्यादा पातळ. सबब आईस आणून ये."

"आनून ये म्हनत्यात!" आई उठून उभीच राहिली. "आयकलं का आवं? जावई आनून ये म्हनत्यात!"

"ते आयकलं," आबा म्हणाले. "पन नवा पातळ काय हाय?"

"नवं पातळ हो! दाजी पाच वर्षं हिंदी बोलतायत, लिंगाचा घोटाळा झालाय."

माझी बायको इंदू चुलीपुढनं उठून आली. "आवं, पन घाटात पातळ कशापायी?"

"अगं, बादशहांचं गाव ते! दिल्लीचं ऊन सोसेना म्हणून मोगल तिथं जायचे. अशा ठिकाणी लुगडं नेसून कसं चालेल? रीत असेल तिथली."

"आन वर जाईल तसं ज्यादा पातळ?"

"म्हणजे एकानं भागायचं नाही."

"पुन्यांदा वाचा की जरा नीट."

मी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. मोडीत मला विचारतेस? ती गप्प चुलीकडं गेली. (ती गप्प बसली की मी घाबरायला हवं होतं, पण लग्नाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती.)

पातळं आणायची कुठून? कापडावर कंट्रोल. दुकानदार म्हणाला, "मास्तर, लढाई झाल्याचं तुमच्या कानावं आलं न्हाई काय? हितं मांजरपाट मिळंना आन तुमास्नी पातळं पायजेत!" दोन दिवस रांगेत उभा राहिलो. घरातली सगळी कापडाची कार्डं खर्ची पडली आणि वांगी रंगाचं एक पातळ हाती लागलं. दुसरं इंदूच्या ट्रंकेतनं निघालं, तिच्या आईनं दिलेलं, घडी न मोडलेलं. ते देताना तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी अजून विसरलो नाही. तिसरं हेडमास्तरांच्या मंडळींनी येताना केशर आणायच्या बोलीवर उसनं दिलं.

आगगाडीत चार दिवस हाडं खिळखिळी करून आम्ही जम्मूला उतरलो आणि मोटारीत बसलो. आईनं पहिलं पातळ नेसलं. जन्मभर लुगडं नेसलेली बाई, सारखी अवघडून पदर चाचपत होती. घाट चढू लागला तसं तिनं विचारलं, "ज्यादा लागायचं ठिकान आलं का रं?" मी म्हटलं, आलं. दुसरं पातळ पहिल्यावरनं नेसली. वर गार वारा सुटला तेव्हा तिसरं गळ्यापासनं गुंडाळून घेतलं. एका पातळाचे अठरा हात, तिन्हींचे चोपन्न! ड्रायव्हर पंजाबी होता. आरशात पाहून तो मला म्हणाला, "मास्टरजी, माताजी के पास और कितनी हैं?"

बनिहालच्या खिंडीत इंजिनाला पाणी पाजायला मोटार थांबली. आई खाली उतरली आणि तिला धाप लागली. माझीही छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी लगबगीनं तिच्याजवळ गेलो.

"आई, दम लागला?"

"लागंल न्हाई तर काय! चोपन्न हात गुंडाळल्यात अंगाला! हत्तीला सुदिक लागंल!"

आणि बसण्याऐवजी ती पातळं सावरत, दोन पावलं टाकून थांबत, थेट कडेपर्यंत चालत गेली. मी मागनं गेलो आणि पाहतो तर काय! खाली सगळं काश्मीर पसरलेलं. हिरवंगार, सपाट, आणि त्याच्या चहूबाजूंनी पांढरेशुभ्र डोंगर, एकामागे एक, एकामागे एक, नजर पोचेना. आम्ही खटाव तालुक्यातली माणसं. एवढी हिरवळ आणि एवढं पाणी मी जन्मात एका जागी पाहिलं नव्हतं. इतिहास-भूगोल शिकवणारा मी, पण त्या क्षणी नकाशातलं काश्मीर मी पार विसरलो. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

आईनं हात जोडले. "बाळू," ती हळूच म्हणाली, "हितं यायचं तर नवं नेसूनच यायला पायजे रं. जावयांचं बराबर हाय."

श्रीनगरात नदीकाठी, लाकडी घरांच्या गल्लीत दाजींचं दुकान होतं. आईला पाहिल्याबरोबर त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"आवं आई! तुमी?" मग माझ्याकडं वळून, "मास्तर, म्हातारीच्या जिवावर उठलास काय रं? मी चक्क लिवलं हुतं!"

"हो ना! आईस आणून ये!"

"आणू नये! आईस आणू... नये!"

मी खिशातनं पत्र काढलं. दाजींनी अक्षराअक्षरावर बोट आपटत वाचलं, "घाटात हवा पातळ. जसजसे वर यावे तसतसे ज्यादा पातळ. सबब आईस आणू नये!"

उंचीवर हवा विरळ होते हे मी दरवर्षी सातवीच्या पोरांना शिकवायचो. पण पुस्तकात ‘विरळ’ होतं, ‘पातळ’ नव्हतं! माझी काय चूक?

आई आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. "हवा पातळ हुती व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं पातळंच जाड हायती!"

तोवर अक्का पोराला घेऊन धावत आली आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. आईनं नातवाला उचललं, त्याच चोपन्न हातांत गुरफटलं आणि मायलेकी रडत-हसत बसल्या. आठ दिवस पोरगं आईच्या मांडीवरनं उतरलं नाही. परत निघताना दाजींनी घाटात दोन वेळा मोटार थांबवून आईला विसाव्याला बसवायची ताकीद दिली. आई एकदाही बसली नाही.

घरी आल्यावर इंदूनं आधी आपलं पातळ उलगडून पाहिलं. त्याला वंगणाचे डाग होते. "हे तर मोडीत निगालं," ती शांतपणे म्हणाली, "आन तुमची मोडीबी." गावातली चहाची बोलावणी बंद झाली ती कायमची.

त्या दिवसापासनं दाजी मोडी सोडून बाळबोध देवनागरीत लिहू लागले. लठ्ठ अक्षरं, आणि दोन शब्दांत बोटभर जागा. पुढच्या वर्षी आईनं पुन्हा जायचा धोसरा लावला, मी पत्र घातलं आणि दाजींचं उत्तर आलं. दुसरीतलं पोरही वाचेल असं, म्हणून इंदूनंच हात पुढं केला. आईनं ते तिच्या हातनं काढून माझ्यापुढं धरलं.

"ह्योच वाचंल," ती म्हणाली. "तू वाचलंस तर खरंच काय लिवलंय ते वाचशील!"