मोठ्या बाईंचा राग आणि वाटीभर चीक

बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला देवाने जेवढा राग पाठवला होता, त्यातला निम्मा मोठ्या बाईंनी एकट्यांनी उचलला आणि उरलेला बाकीच्या सगळ्यांनी पुरवून पुरवून वापरला, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातल्या थोरल्या नर्सबाई. धामणगाव बढ्याच्या अलीकडे एका खेड्यात हा दवाखाना होता. महाराष्ट्र राज्य नुकतं कुठे पावलं टाकायला लागलं होतं आणि आमच्या भिंतींना अजून चुना लागायचा होता. बाई सकाळी उठल्या की आधी स्टोव्हवर रागवायच्या, मगच तो पेटायचा. एसटी उशिरा आली की कंडक्टरची खैर नसे, आणि वेळेवर आली तर "आज काऊन एवढी घाई, कोनाची मयत हाय का?" असं त्यालाच ऐकून घ्यावं लागे. बुलढाण्याला रेल्वे नाही याचा राग त्यांना रूळ टाकणाऱ्या इंग्रजांवर होता. पण इंग्रज निघून गेलेले, म्हणून मलकापूरला गेल्या की तो राग तिथल्या स्टेशनमास्तरावर काढून येत. एकदा एक तालेवार शेतकरी तापाने फणफणून आला. बाईंनी त्याला विचारलं, "पावसात भिजून ताप आनला, आता आमी काय त्याची आरती करू?" त्या धसक्यानेच त्याला घाम फुटला आणि ताप उतरला. कंपाउंडर हा किस्सा औषधाच्या बाटलीबरोबर फुकट द्यायचा.

आता मी. मी तेव्हा मुंबईहून नर्सिंगची पदवी घेऊन ताजी ताजी आलेली, बुलढाण्याच्या एका वकिलांची लेक. माझे तेव्हाचे फोटो पाहून नाती हसतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी हसते. नाक एवढं वर, की चष्मा लागला असता तर तो कपाळावरच बसला असता. आमचं वऱ्हाडी 'मले-तुले' मी मुंबईच्या समुद्रात बुडवून आले होते. अशा या विदुषीला कळलं, की दिल्लीच्या एका कॉलेजात नव्या नर्सांसाठी संशोधनाची मास्टर पदवी निघाली आहे, विद्यावेतनासकट, आणि आपल्या राज्याला एक जागा आहे. मुंबईच्या मुलाखतीला जाताना एखाद्या विषयाची छोटी पाहणी करून न्यायची होती. वडिलांनी निकाल आधीच देऊन ठेवला होता: "विद्यावेतन मिळालं तर दिल्ली. नाही तर मेहकरचं स्थळ, आणि मग कुरकुर नको." मेहकरच्या स्थळाचा गिरणीचा धंदा होता आणि ते स्थळ मला बघायला आलं तेव्हा दोनदा झोपलं होतं.

आमच्या डॉक्टरांना मात्र सगळी गंमत वाटत होती. तरुण होते, वाईट नव्हते, पण नर्सने शोध लावायचा म्हणजे बैलाने गाडीत बसायचं असं त्यांना वाटे. म्हणाले, "सिस्टर, संशोधन करायला तुमचं नेमकं हरवलंय तरी काय?" मी खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिले. माझं नाक अशा वेळी कुठे जायचं कोण जाणे. उत्तर ड्रेसिंगच्या खोलीतून आलं, बाईंचं.

"इथली लेकरं हरपून राह्यली, डॉक्टरसाहेब. आठोड्यात एक. तेच शोधते हे पोरगी."

डॉक्टरांनी लगेच पुढचा पेशंट आत बोलावला.

विषय बाईंच्याच रागातून निघाला. बाळंतिणीला पहिल्यांदा जे घट्ट, पिवळसर दूध येतं, ते चीक. तो नासका म्हणून पिळून मातीत टाकायचा आणि बाळाला गुळाच्या पाण्याचं बोट चाटवायचं, अशी घरोघरची रीत होती. त्या पाण्याने लेकरं ढाळ लागून जात. बाई यावर वर्षानुवर्षं दारोदार भांडत आल्या होत्या. "बकरी तुह्याहून शायनी हाय वं. ते पिलाले पयलंच पाजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेव्हा मी ठरवलं, किती आया चीक देतात ते विचारायचं. पुस्तकी शब्द न वापरता मुद्दाम गावातला शब्द वापरायचा, या हुशारीवर मी स्वतःवरच खूश होते.

दिवस उन्हाळ्याचे. घरोघर कुरडया चाललेल्या. मी दारात उभी राहून विचारी, "लेकराला चीक देता का?" आणि आश्चर्य म्हणजे प्रत्येक बाई म्हणे, "देतो ना." एक म्हणाली, "दुधात कालवून देतो." मी लिहिलं, आईच्या दुधाबरोबर. दुसरी म्हणाली, "साखर टाकली का पोट्टे वाटी चाटून पुसून खातेत." इथे कोणत्याही शहाण्या माणसाची पेन्सिल थांबली असती. माझी थांबली नाही. तिसरी तर म्हणाली, "माह्या सासऱ्याले बी लय आवडते." मी समासात लिहिलं: कुटुंबाचा पाठिंबा उत्तम.

पाहणीचा निकाल ऐकून बाई दारातल्या बाकावर बसल्या. "म्हंजे ऐकलं तं बायायनं," एवढंच म्हणाल्या. त्या दुपारी त्या कुणावरही रागावल्या नाहीत. कंपाउंडर घाबरून म्हणाला, "सिस्टर, बाईले थर्मामीटर लावून पाहा ना."

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरची सून पदराखाली पितळी वाटी झाकून आली. वाटीत भिजवलेल्या गव्हाचा शिजवलेला पांढराशुभ्र चीक होता, ज्याच्या कुरडया घालतात तो. वर तुपाची धार आणि साखर. म्हणाली, "सिस्टर, तुमी घरोघरी चिकाचं ईचारत हिंडता. म्हटलं, पोरीले खाव वाटत असन, सांगाले लाजत असन. सासू तं म्हने, लगन नाई अन् डोहाये कसे लागले."

मी जमिनीत गेले. बाईंनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाटीकडे पाहिलं. सून गेल्यावर म्हणाल्या, "आग लागो या भाषेले. दोन जिनसा अन् नाव एक." मग बाकावर बसून रागारागाने अख्खी वाटी एकट्यांनी संपवली. मला विचारलंही नाही.

डॉक्टर हसून हसून बेजार झाले. डोळे पुसत म्हणाले, "अहो, आकडा किती सुंदर आलाय. तसाच न्या. मुंबईत मुलाखतीला कोण कुरडया तळायला येणार आहे? जागा तुमचीच." खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा मेहकरची गिरणी फिरत होती, आणि मी कागद घडी करून पिशवीत घातले. तेवढ्यात बाई उठल्या. त्यांना रागावताना मी रोज पाहत होते, पण हा राग वेगळा होता. याला आवाजच नव्हता.

"लेकरं मातीत अन् कागदावर गुटगुटीत. असं नेशील तं जाय, पन परतून माह्या डोयासमोर येऊ नको." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "ह्या पोरीची ड्युटी मी करते. दोनी येयची, सकायची अन् सांजची." आणि मला, "ऊठ. पुन्ना जाय. आता नीट ईचार."

नीट विचारायला पहिल्या दिवशी त्याही बरोबर आल्या, सकाळची कामं उरकून, रणरणत्या उन्हात. "लेकरू झालं, छातीले पयलं दूध आलं, त्याचं काय केलं?" असं विचारलं, की बाया एकमेकींकडे बघत आणि खरं सांगत: पिळलं, टाकलं. प्रत्येक दारात बाई ओरडत होत्याच. पण काही दारांत आवाज असा चढे, की ओसरीवरची कुत्री उठून जात. मला वाटलं, त्या घरच्या बाया हट्टी असतील. संध्याकाळी परतताना वही चाळली आणि माझ्या ध्यानात आलं. ज्या घरातलं लेकरू बाईंच्या हातात जन्मून आठवड्यात गेलं होतं, नेमक्या त्याच दारांत त्या जास्त ओरडत होत्या.   वाटेत आडव्या आलेल्या एका म्हशीला त्यांनी फार लागट बोलून घेतलं.

मुलाखतीत टेबलापलीकडे पाच जण. पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, "लग्न करणारच असाल ना? मग सरकारचं विद्यावेतन वाया घालवायचं कशाला?" मी इंग्रजीत पाठ केलेलं सगळं विसरले. माझ्या तोंडून माझा नव्हे, दुसराच आवाज आला: "नीट ईचारा ना, साहेब."

समुद्रात बुडवलेलं वऱ्हाडी नेमकं त्या टेबलावर वर आलं.  कडेला बसलेल्या वयस्क बाईंनी हसू दाबलं आणि म्हणाल्या, "बरं, मी नीट विचारते. इथे दोन पाहण्या जोडल्यात. पहिली चुकली हे कळलं कसं?" मी वाटीपासून सासऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. ते पाचही जण हसले. लग्नाचे गृहस्थ सर्वांत उशिरा. जागा मला मिळाली. मेहकरच्या स्थळाला ती बातमी उठवून सांगावी लागली असं ऐकते.

पुढे मी शिकले, शिकवलं, विचारायचे प्रश्न कसे तपासावेत यावर मोठमोठ्या लोकांसमोर बोलले. बाई निवृत्त होऊन दुसरबीडला भाच्याकडे राहायला गेल्या. खूप वर्षांनी भेटायला गेले, तर बाजेवर एक लहानशी म्हातारी बसलेली. मला ओळखलं नाही. "या माय, बसा. च्या घ्या," इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की मी चुकून दुसऱ्याच घरी आले की काय, म्हणून भाच्याकडे पाहिलं. चहात साखर नव्हती, तरी भाच्याच्या बायकोला काही बोलल्या नाहीत. मांजर ताटलीत तोंड घालून गेलं, तरी काही नाही. भाचा कौतुकाने म्हणाला, "आता लय शांत झाली आत्या." त्याला बिचाऱ्याला काय माहीत, मी काय हरवून बसले होते.

मग मी खोडी काढली. बाजेजवळ सरकले आणि अगदी इस्त्री केलेल्या शहरी आवाजात विचारलं, "बाई, तुमच्याकडे लेकराला चीक देतात का हो?"

 आधी भुवया हलल्या. मान वर आली आणि त्या विझलेल्या डोळ्यांत जुना स्टोव्ह भडकन पेटला.

"कोनता चीक, वं? नीट ईचार."

मी मान खाली घातली. भाच्याला वाटलं, आत्या मला रागावल्या म्हणून मी रडतेय.