ओबादायाच्या कुंपणाआत

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. ऑर्डेटा हॅकवर्थला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात शाळेतल्या पोरांना घेवडा आणि मक्याचा पाव वाढण्यात तिची हयात गेली. लग्न नाही, मूलबाळ नाही. पण ओळख विचारली की बाई स्वयंपाकाचं नाव काढत नसे. "मी ओबादायाची," एवढंच सांगे. ओबादाया म्हणजे व्हर्जिनियातून खिंड ओलांडून या खोऱ्यात आलेला पहिला हॅकवर्थ. त्याला जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली होती, तरी ती त्याचं नाव असं घेई, जणू तो आत्ताच परसात लाकडं फोडायला गेलाय.

टेकडीच्या माथ्यावर ओबादायाची कबर होती आणि भोवती लोखंडी कुंपण. कुंपणाआत फक्त त्याच्या रक्ताच्या माणसांना आणि त्यांच्या नवऱ्याबायकांना पुरायचं, हा जुना रिवाज. रक्ताचं कोण आणि उपरं कोण हे ठरवायचं काम ऑर्डेटाला कुणी दिलेलं नव्हतं; तिने ते घेतलं. मे महिन्यात एका रविवारी सगळं गोत कबरी सजवायला वर जमायचं, झाडाखाली जेवणं मांडायचं, आणि कुणी ना कुणी ताट घेऊन तिच्याकडे यायचं, "ऑर्डेटा, माझी पणजी कुणाची गं?" ती खाता खाता सांगे. तिथल्या चालीप्रमाणे स्वतःचा दगडही तिने आधीच वर उभा करून ठेवला होता. नाव आणि जन्मसाल कोरलेलं, मरणाची जागा कोरी.

त्या टेकडीवरचं गवत डेल्मर प्रेटर कापायचा. ऑर्डेटाच्याच वर्गातला, खाणीत उभं आयुष्य गेलेला. शेवटी कोळशाने फुप्फुसं खाल्ली आणि तो नाकात नळी घालून ओसरीवर बसायला लागला. एका सप्टेंबरात त्याने तिला बोलावून घेतलं.

"एक मागायचंय, ऑर्डेटा. माझी आजी ओबादायाची पणती. मला वर कुंपणाआत घेशील का?"

"कागद आहे?"

"कोर्टाला आग लागली त्यात गेले सगळे. तुला काय सांगायचं?"

"मग कशावरून म्हणतोस?"

"आजी सांगायची."

"आज्यांचं काय घेऊन बसलास. त्या सांगतील आपण राजाच्या मांडीवर वाढलो म्हणून. असं म्हणत म्हणत उद्या सगळं खोरं आत येऊन झोपेल."

डेल्मर हसला आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे मी गवत कापायला चालतो, झोपायला नाही."

"गवताचे उपकार आहेतच. पण नियम तो नियम."

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"बरं," तो म्हणाला. "कॉफी घेतेस?"

तिने घेतलीसुद्धा. थंडी पडायच्या आत तो गेला आणि त्याला खाली, रस्त्यालगतच्या चर्चमागे पुरलं. कोळशाचे ट्रक गेले की तिथल्या दगडांवर काळा थर बसतो. ऑर्डेटा सफरचंदाचा थरांचा केक घेऊन मयताला गेली आणि आपण नियम मोडला नाही याचं तिला बरंच वाटलं.

पुढच्या वसंतात तिच्या लांबच्या चुलतभावाने, लॉवेलने, टूम काढली. सगळ्यांनी नळीत थुंकून ती तपासायला पाठवायची म्हणजे कोण कुणाचं ते निघतं. ऑर्डेटाने सगळ्यांच्या आधी पाठवली. "माझ्या थुंकीत काय निघणार ते मला पाठ आहे," ती म्हणाली.

महिन्याभराने लॉवेलचा फोन आला.

"ऑर्डेटा, बसलीयेस ना?"

"मला काय धाड भरलीय बसायला?"

"तुझं आमच्यापैकी कुणाशीच जुळत नाही. एकाही हॅकवर्थशी नाही."

"यंत्र बिघडलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. पण डेल्मरच्या मुलीने, ट्रेसानेही पाठवली होती. तिचं सगळ्यांशी जुळतंय. लांबचं, पण सगळ्यांशी."

ऑर्डेटाने फोन ठेवला. हायरम तिचा पणजोबा. त्याला ओबादायाचा नातू म्हणून वंशावळीत तिनेच बसवला होता. आधार एकच, यादवी युद्धानंतरची शिरगणती. त्या काळी घरातल्यांची नावं लिहीत, एकमेकांचं नातं लिहीत नसत. हॅकवर्थांच्या घरात हॅकवर्थ नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा, म्हणजे मुलगाच, असं तिने धरलं. असल्या धरून चालण्यावर तिने दुसऱ्या किती जणांना फटकारलं होतं. लढाईत अनाथ झालेलं पोर उचलून घरात घ्यायचं, ताट द्यायचं, नाव द्यायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही, ही इथली रीत तिला काय ठाऊक नव्हती? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. डेल्मरकडे तिने कागद मागितला होता. स्वतःकडे मागायचं तिला कधी सुचलंच नाही. लाजेने तिचे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी तिने तोंड ओंजळीत झाकून घेतलं.

कबरी सजवायच्या रविवारला दोन दिवस होते. ती ट्रेसाकडे गेली. ट्रेसा ओसरीत कापडी फुलं तारेला बांधत होती.

"ट्रेसा, डेल्मरला वर नेऊ या. माझी जागा आहे. दगड मी काढून घेते."

"आता बाबांना उकरायचं नाही, मावशी."

"तो रक्ताचा होता. आणि मी..."

"ठाऊक आहे मला."

"लॉवेलने सांगितलं?"

"नाही. बाबांनी, मागेच." ट्रेसाने फूल खाली ठेवलं. "माझ्या पणजीने, म्हणजे बाबांच्या आजीने, हायरमला पाहिलं होतं. सैन्य निघून गेलं तेव्हा तो कोठाराच्या मागे सापडला होता म्हणे. कुणाचा, काही कळलं नाही. तिनेच बाबांना सांगितलं."



"मग तो बोलला का नाही? मी त्याच्या तोंडावर नाही म्हणत होते तेव्हा?"

"मीपण हेच विचारलं. भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, एक वाक्य बोलला असतात तर ती गप्प बसली असती."

"काय म्हणाला?"



"म्हणाले, तिच्याजवळ दुसरं आहे काय? तेवढं राहू दे तिला. आणि मलाही कुणाजवळ बोलू दिलं नाही."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ऑर्डेटाला झालं. एवढी वर्षं ती ज्याला आत घ्यायचं की नाही ते ठरवत होती, त्याने तिला आत राहू दिलं होतं.

"शिव्या तरी दे मला," ती म्हणाली.

"बाबांनी दिल्या नाहीत," ट्रेसा म्हणाली आणि पुन्हा तार हातात घेतली. "मी कशाला देऊ?"