छातीतली काजळी

माझी द्रौपदीमावशी घाटकोपरच्या एका इस्पितळात एकवीस वर्षं आया आहे. तोंडाने फटकळ, पण खरा राग आला की ती गोड बोलायला लागते. मग आम्ही घरचे सावध होतो.

गेल्या वर्षी साकीनाक्याला हर्षद शेटच्या गाळ्यात फोमच्या चोरट्या साठ्याने पेट घेतला. रस्त्यावर धूर दिसू नये म्हणून शेटने शटर खाली ओढलं. तिथे कामाला असलेला मावशीचा मुलगा चैतन्य आतच होता. शटर उघडलं तेव्हा तो बेशुद्ध. त्याला मावशीच्याच इस्पितळात आणलं. पोलीस पोचले तोवर गाळा धुऊन, रंगवून तयार.

"आग कसली? पोराला दमा होता," शेटने सांगून टाकलं. कामगारांनी तोंडं शिवून घेतली. त्या नालायकाने सगळं धुतलं होतं, फक्त चैतन्यची छाती राहिली होती.

व्हेंटिलेटरवरही चैतन्य खचत चालला. डॉक्टर नीलम मॅडम म्हणाल्या, एक उपचार आहे, पण अजून प्रयोगातला. पाण्यासारखा दिसणारा, पाण्याहून जड असा द्रव नळीतून फुप्फुसात सोडायचा. तो प्राणवायू धरून ठेवतो आणि आतली घाण त्याच्यावर तरंगून येते, ती खेचून काढायची. वाचेलच अशी खात्री नाही.

"ती घाण डोळ्यांना दिसते का, मॅडम?" मावशीने विचारलं.

"दिसते."

तेवढ्यात शेट शहाळी घेऊन आला. चौकशीला आलेल्या भाऊराव हवालदारांसमोर छाती फुगवून म्हणाला, "लागेल तो उपचार करा. खर्च माझ्याकडे." मावशीने त्याला हात जोडले. माझं डोकंच फिरलं.

"त्याला कसले हात जोडतेस गं?"

"गप ना. हेपण त्यालाच धुऊ दे."

नळीतून निघालेला द्रव नितळ होता आणि वर काळीकुट्ट काजळी तरंगत होती. एरवी अशी घाण इस्पितळाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, आणि पिशवी मावशीच धरते. त्या दिवशी तिने धरली नाही. मॅडमना सांगून हवालदारांना आत बोलावलं. दोन पंचांसमोर काजळीच्या बरणीला सील लागेपर्यंत ती जागची हलली नाही. जळलेला फोम, असा तपासणीचा अहवाल आला. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

मग शेटने पालुपद बदललं, 'फोम चैतन्यनेच पेटवला, शटर त्यानेच लावलं.'

नवव्या दिवशी चैतन्यची नळी निघाली. हवालदार जबाब घ्यायला येणार होते. मावशीने स्वतः शेटला फोन लावला, अगदी मधाळ आवाजात. "शेट, पोरगा शुद्धीवर आलाय. तुमचीच आठवण काढतोय." शेट हार घेऊन आला आणि हवालदारांना बघून दारातच थांबला.

चैतन्यचा आवाज पार चिरकला होता. "शटर शेटनी ओढलं. मी आतून ओरडत होतो. ते म्हणाले, गप बस."

एवढं बोलून तो कळवळला. मी पाण्याचा चमचा पुढे केला. मावशीने माझा हात बाजूला सारला. ती लेकाकडे नाही, दाराकडे बघत होती.

"परत सांग," ती म्हणाली. "शेटना नीट ऐकू आलं नाही."