शब्दांची मुळं आमच्यापासून लपवली

इंग्रजीच्या मॅडमनी माझी वही सगळ्या वर्गासमोर उंच धरली. "देखो, सब देखो. फ्री सीट की मेहनत."

असाइनमेंट हा शब्द शंभर वेळा लिहून आणायची शिक्षा होती. मी आणला होता. मोजून शंभर. पहिल्या आठ ओळी बरोबर. नवव्या ओळीत मधलं जी हे अक्षर सुटलं. दहावी ओळ मी नवव्या ओळीवरून उतरवली, अकरावी दहाव्या ओळीवरून. शेवटपर्यंत तेच. ब्याण्णव वेळा चूक.

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "इसका हाथ चलता है, दिमाग नहीं. क्या करें, इनके घर में सब हाथ ही चलाते हैं."

माझी माय जैनाबादच्या मळ्यांत केळीचे मुनवे काढते. म्हणजे जुन्या झाडाच्या कंदाला फुटलेली पिल्लं खणून नव्या लागवडीसाठी वेगळी करते. बाप ट्रकमध्ये घड भरतो. त्यांचे हात चालतात म्हणून तुमच्या डब्यात केळी येतात. हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी सहावीत होते. मान खाली घालून उभी होते.

शाळा तापीपल्याड, हिंदी बोलणाऱ्या शहरात, लालबागच्या रस्त्यावरची. इंग्रजी. गरिबांच्या पोरांना मोठ्या शाळांत फुकट जागा द्यायचा कायदा आला, आणि माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. सरकार म्हणालं, सगळी मुलं एका बाकावर. शाळेनं आम्हां अकरा जणांना खिडकीकडची एक रांग दिली. हजेरीत आमच्या नावापुढं लाल टिंब.

तरी मॅडमवर माझा विश्वास होता. हे लिहायलाच पाहिजे. खरी जखम तिथं आहे. वर्गात त्या हिंदी झाडायच्या, पण व्हरांड्यात मी एकटी दिसले की मराठीत बोलायच्या. "आपल्या भाषेची पोर आहेस तू. तुला पुढं आणायचंय मला." मला वाटलं, आपलं माणूस आहे. एकदा हिंमत करून विचारलं, "मॅडम, स्पेलिंग ध्यानात राहायची काही युक्ती असते का?"

"युक्ती कसली गं? घोटायचं. शंभरदा लिहायचं. सगळे तसेच शिकतात."

सगळे. हा शब्द मी दोन वर्षं खरा मानला. बोटाला घट्टा पडला.

दर शनिवारी चौथ्या तासाला बाकीचा वर्ग वरच्या खोलीत जायचा. आम्ही अकरा जण मैदानात कागद वेचायचो, हॉलमध्ये खुर्च्या लावायचो. मॅडम सांगायच्या, "वर नुसत्या गोष्टी वाचतात. तुमचं काही बुडत नाही."

आठवीत एका शनिवारी एक खुर्ची वर पोचवायला मला पाठवलं. दार उघडं होतं. फळ्याच्या मधोमध साइन लिहिलेलं. त्यातून फांद्या निघालेल्या. सिग्नल. सिग्नेचर. डिझाइन. डेझिग्नेशन. असाइनमेंट. आणि शिकवत होत्या मॅडम. माझ्याच मॅडम. हसत.

"ये जी घर में चुप रहता है, रिश्तेदारों में बोलता है. सिग्नल में सुनाई दिया ना? तो साइन में भी लिखो, असाइनमेंट में भी. पूरा खानदान एक है."

पोरं खिदळली. एकदा लिहिलं, पुढं गेली. शंभरदा कोणीच लिहिलं नाही.

मला एका मिनिटात समजलं. न समजायला काय आहे त्यात? कोणता मुनवा कोणत्या कंदाचा, हे मी चालायला लागल्यापासून मायमागं फिरून पाहिलंय. शब्दालाही कंद असतो, एवढंच सांगायचं होतं. दोन वर्षांत एकदा.

मॅडम दाराशी आल्या. मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं, युक्ती नसते."

"अगं, तुम्हाला झेपत नाही हे. पाया लागतो." मराठीत. गोड. तोच व्हरांड्यातला आवाज.

हातातली खुर्ची मी खोलीत ठेवली. आणि तिच्यावर बसले.

"ऊठ."

"नाही उठत. शिकवा."

सोमवारी मायला बोलावलं. ऑफिसात तिला कोणी बस म्हणालं नाही. प्रिन्सिपल म्हणाले, जागा काढून घेऊ. मायनं हात जोडले. "लेकरू आहे साहेब, चुकलं."

"माय, हात खाली घे. माझं चुकलं नाही."

तिनं घेतले नाहीत. घरी जाताना तापीच्या पुलावर एवढंच म्हणाली, "जागा गेली तर कुठी जाशील, सांग बरं?"

जागा गेली नाही. वरच्या खोलीला आतून कडी लागली, एवढाच फरक पडला.

आज मी अशी पत्रकं लिहिते, वाटते. थेट तुकईथड गावापर्यंत जाते, पोरांना शब्दांची मुळं दाखवते. लोक म्हणतात, "दीदी, अच्छा काम है. अपने बच्चों की अलग क्लास खोल लो." अलग? अलगच तर ठेवलं होतं आम्हाला. माझ्या क्लासनं शाळेचं पाप धुऊन निघणार असेल, तर तो क्लास मी आजच बंद करते. फुकट जागेवरची पोरं त्या शाळेत अजून खुर्च्याच उचलतात. मॅडम अजून त्याच खोलीत शिकवतात. त्यांना मी माफ केलेलं नाही. करणार नाही.

या शनिवारी चौथ्या तासाला आम्ही तो जिना चढतोय. पोरं, त्यांच्या माया आणि मी. अर्ज आणणार नाही, विनंती करणार नाही. कडी काढा. नाही काढली तर आम्ही काढू.