पाच स्पीकरांच्या मधोमध

हिंगोलीच्या दुकानात मी स्वस्तातलं होम थिएटर बघत होतो. शेजारी तांड्यावरचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मोबाइलमधलं बायांचं होळीचं गाणं पाचही स्पीकरांवर लावायला सांगितलं आणि एकेका स्पीकरला वाकून कान लावू लागले.

“बाया गोल करून गात होत्या,” ते मला म्हणाले. “माझी बायको कोणत्या डब्यात हाय, ते बघून राहिलो. मागल्या साली गेली.”

दुकानदार हळूच म्हणाला, “बाबा, मोबाइलनं सगळ्यांचा आवाज एकत्रच घेतलाय. पाचांतून तेच येणार.”

“मंग एकच द्या. चाळीस वर्षं घोळक्यातूनच ओळखत आलो तिला.”

मी पाच स्पीकरांचा सेट आणला. आवाज उत्तम आहे. कान कुठल्या डब्याला लावायचा, तेवढं कळत नाही.